अमेरिकेतल्या शेजाऱ्याशी हवामानबदलावर बोलायचं कसं

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. नोकरीसाठी नुकतीच अमेरिकेत आलीय. ऑफिसात जेवताना ती सहज म्हणाली, "यंदा क्लायमेट चेंजमुळे उकाडा फारच आहे, नाही?" आणि टेबलावरचे सहाही जण आपापल्या डब्यात बघायला लागले. "मावशी, मी काय वावगं बोलले गं?"

वावगं काहीच नाही. पण इथे ते वाक्य कुणाला हवेबद्दल वाटत नाही, पक्षाबद्दल वाटतं. म्हणजे तिनं नकळत सहा अनोळखी माणसांना विचारलं होतं, की तुम्ही मत कुणाला देता? तिला फोनवर जे सांगितलं ते तासाभराचं झालं, म्हणून इथे लिहून काढते. नव्यानं येणाऱ्या इतरांनाही उपयोग होईल.

मी आयोवात, सीडर रॅपिड्सला तीस वर्षं राहते. त्यातली अकरा वर्षं फोनवरून जनमत-सर्वेक्षणाचे प्रश्न विचारायचं काम केलं. कानाला हेडफोन, समोर स्क्रीन, आणि संध्याकाळी पाच ते नऊ लोकांच्या जेवणात व्यत्यय. शिव्या पोटभर खाल्ल्या. पण एक गोष्ट पक्की कळली. माणूस काय उत्तर देतो हे बरंचसं तुम्ही काय विचारता, कुठल्या शब्दांत विचारता आणि त्याच्या आधी काय विचारलंत, यावर ठरतं.

एवढं कळूनही घरच्या टेबलावर मी सगळं विसरले, ती गोष्ट आधी सांगते.

आमच्या शेजारी एक वयस्कर शेतकरी राहतात. मका आणि सोयाबीन. आता शेत मुलगा बघतो, पण सकाळी पिकअप घेऊन एक फेरी यांची असतेच. घरात आम्ही त्यांना 'मकेवाले' म्हणतो. जन्मभराचे रिपब्लिकन. २०१५ च्या थँक्सगिव्हिंगला ते आणि त्यांची बायको आमच्याकडे जेवायला होते. कुणीतरी थंडीचा विषय काढला, मकेवाले हसून म्हणाले, "कुठे गेलं तुमचं ते ग्लोबल वॉर्मिंग?" आणि मी मोबाइल काढला. हवाईतल्या मौना लोआच्या वेधशाळेत १९५८ पासून हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची मोजणी चालू आहे. तो चढत जाणारा आलेख मी त्यांच्या ताटाशेजारी धरला. तेव्हा दहा लाख भागांत तीनशे पंधराच्या आसपास होतं, आता चारशेवर गेलंय, हे बघा, हे बघा. त्यांनी चष्मा लावून बघितलं, तोंड पुसलं, "पंपकिन पाय छान झालाय" म्हणाले, आणि अर्ध्या तासात दोघं घरी गेले.

पुढचे दोन महिने आमच्यात शब्द नाही. बर्फ पडलं की मात्र त्यांचा स्नोब्लोअर आमच्या ड्राइव्हवेवरूनही फिरायचा. काम करून, मान वर न करता, निघून जायचे. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

हे भांडण जन्मजात नाही, हे आधी माहीत असू द्या

नव्यानं आलेल्या माणसाला वाटतं की डेमोक्रॅट पक्षाला विज्ञान कळतं, रिपब्लिकन पक्षाला कळत नाही, आणि हे असंच चालत आलंय. तसं नाही. तुम्हाला हा इतिहास तोंडपाठ असला तर अर्धं काम सोपं होतं, कारण मग समोरच्याच्या घरातलीच माणसं तुमच्या बाजूनं उभी करता येतात.

जून १९८८ मध्ये नासाचे जेम्स हॅन्सन सेनेटच्या समितीपुढे म्हणाले की तापमानवाढ सुरू झालीय. त्याच वर्षी अध्यक्षपदाच्या प्रचारात रिपब्लिकन थोरले बुश सांगत होते, की ग्रीनहाऊस इफेक्टपुढे आपण हतबल आहोत असं ज्यांना वाटतं ते व्हाइट हाऊस इफेक्टला विसरतात. १९९० मध्ये आम्लपावसाला आळा घालायला 'कॅप अँड ट्रेड'ची पद्धत त्यांच्याच काळात कायद्यात आली. धुरावर एकूण मर्यादा घालायची आणि त्यातले परवाने कारखान्यांना आपसांत विकू द्यायचे. पुढे याच कल्पनेला त्यांच्याच पक्षात शिवी मानलं गेलं. १९९२ चा संयुक्त राष्ट्रांचा हवामान करारही त्यांच्याच सहीचा.

आणि डेमोक्रॅट मित्रांसमोर मिरवायला जाल तर हेही लक्षात ठेवा. प्रदूषक वायू कमी करायचा जागतिक क्योटो करार व्हायच्या आधीच, जुलै १९९७ मध्ये, सेनेटनं ठराव केला की विकसनशील देशांवर बंधनं नसतील किंवा अमेरिकेच्या अर्थव्यवस्थेला गंभीर धक्का बसणार असेल तर असा करार नको. मतं पडली ९५ विरुद्ध ०. एकाही डेमोक्रॅटनं विरोधात हात वर केला नाही. विकसनशील म्हणजे त्यात आपणही आलो, म्हणून मला तो आकडा जरा जास्तच लक्षात राहिलाय.

२००३ मध्ये रिपब्लिकन जॉन मॅकेन आणि डेमोक्रॅट जो लीबरमन यांनी मिळून विधेयक आणलं. ते ४३–५५ नं पडलं. २००८ च्या निवडणुकीत ओबामा आणि मॅकेन दोघंही कॅप अँड ट्रेडच्या बाजूचे होते! त्याच वर्षी टीव्हीवर जाहिरात लागायची. एका सोफ्यावर डेमोक्रॅट नॅन्सी पेलोसी आणि रिपब्लिकन न्यूट गिंगरिच शेजारी शेजारी बसून सांगायचे, की बाकी कशावर पटत नसलं तरी हवामानाच्या प्रश्नावर देशानं काहीतरी करायला हवं यावर आमचं एकमत आहे. मी ती जाहिरात भांडी घासता घासता बघितलीय. आज कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं.

मग गाडी उलटली. २००९ मध्ये प्रतिनिधिगृहात विधेयक २१९–२१२ असं जेमतेम पास झालं, त्यात रिपब्लिकन मतं फक्त आठ. सेनेटमध्ये ते मतदानापर्यंत पोचलंच नाही. २०१० मध्ये साउथ कॅरोलायनाचे रिपब्लिकन खासदार बॉब इंग्लिस स्वतःच्याच पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत आपटले. ते कार्बनवर कर लावा म्हणायचे, हवामानबदल खरा आहे म्हणायचे. पराभवाला कारणं आणखीही होती, पण बाकीच्यांनी धडा घेतला तो हाच. मंदीनंतर सरकारी खर्चावर चिडलेला मतदार, कोळसा-तेलवाल्यांचा पैसा, आणि आधीपासून या विषयाचा चेहरा होऊन बसलेले अल गोर, या सगळ्याची मिळून ती भिंत झाली. गोर डेमोक्रॅट उपाध्यक्ष होते. त्यांची चूक काहीच नाही, पण रिपब्लिकन शेजाऱ्याशी बोलताना ते नाव तोंडातून काढू नका. मॅकेन म्हणा. इंग्लिस म्हणा.

हवामानाच्या पॅरिस कराराचं तर अमेरिकेनं फिरतं दारच केलं. २०१७ मध्ये बाहेर पडायची घोषणा, नोव्हेंबर २०२० मध्ये प्रत्यक्ष बाहेर, फेब्रुवारी २०२१ मध्ये परत आत, जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा बाहेरचा हुकूम. त्यावर वाद घालत बसू नका. तो फक्त झेंडा आहे.

शब्द जपून निवडा

आम्हाला कामावर पहिल्या दिवशी शिकवलं होतं, की प्रश्न जसाच्या तसा वाचायचा. एक शब्द इकडचा तिकडे नाही. समोरच्यानं विचारलं, "म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?" तरी समजावायचं नाही. ठरलेलं उत्तर एकच, "तुम्हाला जे वाटतं ते." लोक वैतागायचे. मीही वैतागायचे. पण नियमाला कारण होतं.

२०११ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास छापून आला. एकच सर्वेक्षण, निम्म्यांना विचारलं 'ग्लोबल वॉर्मिंग' होतंय का, निम्म्यांना 'क्लायमेट चेंज' होतोय का. डेमोक्रॅटांत फरक नाही, दोन्हीकडे ८७ टक्क्यांच्या आसपास. रिपब्लिकनांत 'वॉर्मिंग'ला ४४ टक्के हो म्हणाले, 'चेंज'ला ६० टक्के. नुसता शब्द बदलला आणि शंभरातली सोळा माणसं इकडची तिकडे. मकेवाल्यांनी तो प्रश्न विचारला तेव्हा मला हे आठवायला हवं होतं. ते 'वॉर्मिंग कुठे गेलं' म्हणाले होते. 'वॉर्मिंग' म्हटलं की माणूस खिडकीबाहेर बघतो, आणि नोव्हेंबरात आयोवात खिडकीबाहेर काय दिसणार?

मजा म्हणजे 'क्लायमेट चेंज' म्हणा, ते कमी भीतिदायक वाटतं, हा सल्ला २००२ च्या सुमारास रिपब्लिकनांना त्यांचेच भाषातज्ज्ञ फ्रँक लंट्झ यांनी दिला होता. शास्त्रज्ञांत अजून खात्री नाही हे ठसवत राहा, असंही त्याच टिपणात होतं. २०१९ मध्ये सेनेटच्या डेमोक्रॅटांच्या समितीसमोर बसून त्यांनीच आपण चुकलो होतो असं कबूल केलं.

माझी पद्धत आता अशी आहे, की पहिल्या दहा मिनिटांत दोन्ही शब्द वापरायचेच नाहीत. पाऊस म्हणायचं. तळघरात शिरलेलं पाणी म्हणायचं. पेरणीची तारीख, विम्याचा हप्ता, शेताच्या कडेची वाहून गेलेली माती. या गोष्टी कुठल्या पक्षाच्या नाहीत.

आणखी एक युक्ती सर्वेक्षणातलीच. पक्ष कुठला, हा प्रश्न आम्ही अगदी शेवटी विचारायचो, वय-शिक्षणाच्या जोडीला. आधी विचारला की पुढची सगळी उत्तरं माणूस पक्षाची टोपी घालून देतो. तेव्हा "तुम्ही रिपब्लिकन लोक", "मी तर डेमोक्रॅट आहे" अशी सुरुवात केलीत की तिथेच मुलाखत संपली असं समजा.

एक प्रश्न नाही, चार आहेत

ही या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट. 'तुम्ही हवामानबदल मानता का?' हा प्रश्नच वाईट आहे. त्यात 'मानणं' आलं की तो देवासारखा होतो, नाहीतर पक्षासारखा. त्याचे तुकडे करा. होतंय का? कुणामुळे होतंय? त्यानं आपलं काय बिघडतं? आणि काय करायचं, पैसे कुणी द्यायचे?

हे तुकडे किती वेगळे पडतात ते सेनेटनंच एका दिवसात करून दाखवलंय. २१ जानेवारी २०१५. चर्चा एका तेलवाहिनीच्या विधेयकाची होती, त्यात डेमोक्रॅटांनी मुद्दाम हवामानाच्या दुरुस्त्या घातल्या. पहिली, हवामानबदल खरा आहे, थोतांड नाही. मतं ९८ विरुद्ध १. 'थोतांड' हा शब्द ज्यांनी गाजवला ते ओक्लाहोमाचे रिपब्लिकन सेनेटर जेम्स इनहॉफसुद्धा 'हो'च्या रांगेत! हवामान तर कायमच बदलत आलंय, असं त्यांचं म्हणणं. दुसरी दुरुस्ती एका रिपब्लिकनाची. त्यात माणसाचा हातभार आहे हे मान्य होतं, पण तेलवाहिनीनं काही बिघडणार नाही हेही जोडलेलं होतं. तिला ५९–४०, पंधरा रिपब्लिकन बाजूनं. तिसरीत म्हटलं होतं की माणसाचा हातभार 'लक्षणीय' आहे. ५०–४९, रिपब्लिकन पाच. साठ मतं लागत होती, म्हणून शेवटच्या दोन्ही पडल्या. पुढच्याच महिन्यात इनहॉफसाहेब सभागृहात बर्फाचा गोळा घेऊन आले, बाहेर किती थंडी आहे ते दाखवायला.

माणसं तीच, दिवसही तोच. पहिल्या तुकड्याला जवळजवळ सगळे हो म्हणाले, आणि प्रश्न जसजसा 'मग आपण काय करायचं' याच्या जवळ सरकत गेला तसतसे हात खाली आले.

माझा अनुभवही हाच. आपल्याला वाटतं समोरचा पहिल्या प्रश्नावर अडलाय, म्हणून आपण आलेख काढतो. तो खरं तर चौथ्यावर अडलेला असतो. वॉशिंग्टनमधलं कुणीतरी येऊन माझा ट्रॅक्टर, माझी गॅसची शेगडी, माझी पिकअप काढून घेणार, ही ती भीती. ड्यूक विद्यापीठातल्या ट्रॉय कॅम्पबेल आणि आरन के यांनी २०१४ मध्ये हे तपासून बघितलं. रिपब्लिकनांना शास्त्रज्ञांचं तापमानवाढीचं भाकीत दिलं. काहींना सोबत उपाय सांगितला सरकारी नियम आणि कर, काहींना मुक्त बाजारातलं नवं तंत्रज्ञान. पहिल्या गटात २२ टक्क्यांनी भाकीत मान्य केलं, दुसऱ्यात ५५ टक्क्यांनी. भाकीत एकच होतं. म्हणजे औषध कडू असेल तर माणूस आजारच नाकारतो.

हा रोग एकाच पक्षाचा नाही बरं का. त्याच अभ्यासात बंदुकांचा विषय घेतला तेव्हा उदारमतवादी मंडळी तशीच वागली. माझी एक मैत्रीण आहे, गाडीवर पृथ्वी वाचवाचे तीन स्टिकर. तिच्या घरामागच्या शेतात सौर पॅनेल्स येणार म्हटल्यावर तिला अचानक पक्ष्यांची काळजी वाटायला लागली.

म्हणून सुरुवात चौथ्या प्रश्नापासून करा, आणि आयोवात असाल तर पवनचक्कीपासून. या राज्यातली निम्म्याहून जास्त वीज वाऱ्यापासून होते. वाऱ्याच्या विजेला केंद्राची करसवलत १९९२ ची, आणि तिचं पितृत्व आनंदानं मिरवणारे सेनेटर आमचेच, चक ग्रासली, पक्के रिपब्लिकन. ज्याच्या शेतात पवनचक्की उभी राहते त्याला तेवढ्या तुकड्याचं भाडं मिळतं, वर्षाला हजारो डॉलर. मक्याचा भाव पडला तरी ते पडत नाही. मकेवाल्यांच्या मुलाला यावर बोलायला कधीच अडचण आली नाही. त्याच्या तोंडून 'क्लायमेट' हा शब्द मी आजवर ऐकलेला नाही.

ही रेषा कागदावर जितकी सरळ दिसते तितकी जमिनीवर नसते. २०२२ चा मोठा हवामान कायदा काँग्रेसमध्ये एकाही रिपब्लिकन मताशिवाय पास झाला. पण ऑगस्ट २०२४ मध्ये अठरा रिपब्लिकन प्रतिनिधींनी स्वतःच्याच सभापतींना पत्र लिहिलं, की त्यातल्या ऊर्जेच्या करसवलती सरसकट मोडू नका. कारखाने त्यांच्याच मतदारसंघांत उभे राहत होते. (पुढे २०२५ च्या कायद्यात त्यातल्या बऱ्याच सवलतींना कात्री लागलीच.) उलट, इथेनॉल कारखान्यांतला कार्बन डायऑक्साइड नळांतून नेऊन जमिनीखाली गाडायचा बेत आयोवात निघाला, तेव्हा विरोधाच्या सभेत कडवे रिपब्लिकन शेतकरी आणि पर्यावरणवाले एकाच बाकावर बसले होते. एकाला सक्तीनं जमीन द्यायची नव्हती, दुसऱ्याचा त्या तंत्रावर विश्वास नव्हता. मी गेले होते. कॉफी छान होती आणि कुणी कुणाला पक्ष विचारला नाही.

माहितीची टोपली डोक्यावर ओतू नका

आपल्या सुशिक्षित मराठी मंडळींना हे पटवणं सगळ्यात अवघड जातं. आपला ठाम समज, की माणसाला माहिती कमी आहे, दिली की पटेल. येल विद्यापीठाचे डॅन कहान आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की विज्ञान आणि आकडेमोड जास्त कळणाऱ्या माणसांत दोन्ही बाजूंमधली दरी कमी नसते, उलट जास्त असते. हुशार माणूस आपल्या बाजूचा मुद्दा शोधण्यात हुशारी वापरतो. आमच्या मंडळातला एक इंजिनिअर आठवतोय. हवामानावरचे इतके लेख त्यानं वाचलेत की प्रत्येकातली खोट त्याला पाठ आहे.

तेव्हा सांगू नका, विचारा. शेतकऱ्याला विचारायला एक सोपी जागा आहे, पर्जन्यमापक. इथे बहुतेकांच्या कुंपणाला तो असतो, आणि बऱ्याच जणांकडे वही असते. मुसळधार पावसाचे दिवस या मध्यपश्चिम भागात वाढलेत हे त्यांच्या वहीतच असतं. कारण त्यांनी विचारलं तर एका वाक्यात सांगा. हवा एक अंश सेल्सिअसनं तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरते, आणि धरलेलं कधीतरी ओतते. बस्स.

इथे एक सावधगिरी. प्रत्येक संकट हवामानबदलाच्या खात्यावर टाकू नका. १० ऑगस्ट २०२० ला आमच्या गावावरून डेरेचो गेला. वादळी वाऱ्याची लांबच लांब भिंतच ती, काही ठिकाणी वेग ताशी १४० मैलांपर्यंत असावा असा अंदाज निघाला. गावातली निम्मी सावली एका दुपारी गेली, मका चटईसारखा झोपला. दुसऱ्या दिवशी एक तरुण कार्यकर्ता मकेवाल्यांना सांगायला आला की हे हवामानबदलामुळे. त्यांनी विचारलं, "नक्की?" तो गडबडला. एकेका डेरेचोचा संबंध असा सरळ लावता येत नाही. पुराचं बोलला असता तर गोष्ट वेगळी. १३ जून २००८ ला सीडर नदी ३१.१२ फुटांवर चढली होती. त्याआधी १८५१ पासूनचा विक्रम २० फुटांचा. २०१६ मध्ये ती पुन्हा २२ फुटांवर गेली. एका पुराचं खापरही हवामानावर फोडू नये, पण त्या नोंदींवर बोलता येतं. ते आकडे इथे लहान पोरालाही माहीत आहेत आणि त्यांवर कुणी चिडत नाही.

बोलणारं कोण, यानंही फरक पडतो, आणि तुम्ही बहुधा ती व्यक्ती नसता. बॉब इंग्लिस पडल्यापासून पुराणमतवाद्यांमध्येच फिरून बोलतात. त्यांचं मत बदलायला सुरुवात त्यांच्या मुलानं केली, असं ते स्वतः सांगतात. नॉर्थ कॅरोलायनात शाळकरी मुलांना हवामानाचे धडे देऊन त्यांच्या आईबापांचं मत तपासलं तेव्हा आईबापांची काळजी वाढलेली दिसली, पुराणमतवादी आईबापांची जास्त, आणि मुलींनी सांगितलेलं अधिक लागू पडलं. तो अभ्यास २०१९ मध्ये छापून आला. बॉसपुढे तुमचा उपयोग नाही, त्याच्या लेकीचा आहे.

डोकी नीट मोजा

२०२२ मध्ये एक अभ्यास आला, त्यानं मला थोडी लाजच वाटली. अमेरिकेत मोठ्या हवामान-उपायांना प्रत्यक्ष पाठिंबा ६६ ते ८० टक्के लोकांचा. पण इतर किती लोक पाठिंबा देत असतील असं विचारलं तर उत्तर ३७ ते ४३ टक्के. सगळ्यांना वाटतं आपण एकटेच. अकरा वर्षं लोकांची मतं गोळा करूनही माझा अंदाज तेवढाच चुकला असता. येलचे लोक अमेरिकनांचे सहा गट पाडतात, घाबरलेल्यांपासून ते साफ धुडकावणाऱ्यांपर्यंत. धुडकावणारे दहात एखादाच, पण जेवणाच्या टेबलावर आवाज त्याचाच असतो. भाचीच्या टेबलावर जे सहा जण डब्यात बघत होते त्यांतले चार बहुधा मनात 'हो ना' म्हणत असतील.

खरोखर धुडकावणारा भेटला तर सोडून द्या. फुटबॉलवर बोला. तुमची संध्याकाळ वाचेल आणि शेजारी टेबलावर गप्प बसलेल्या माणसाशी नंतर पार्किंगमध्ये बोलता येईल.

मकेवाल्यांशी माझं बोलणं परत सुरू झालं ते फेब्रुवारीत, बर्फ वितळताना. मी त्यांच्या कुंपणापाशी गेले आणि एवढंच विचारलं, की तुमच्या पर्जन्यमापकाची वही आहे का? आधी संशयानं बघितलं. मग आत जाऊन तीन वह्या आणल्या, १९७४ पासूनच्या, बियाण्याच्या कंपनीनं फुकट दिलेल्या. तासभर तेच वाचत होते, मी ऐकत होते. पेरणीच्या तारखा, गारा, एकदा वासरू वाहून गेलं त्याची नोंद. मध्येच थांबून म्हणाले, "चार इंच एका रात्रीत, असे दिवस पहिल्या वहीत शोधावे लागतात." तिसरी वही त्यांनी नुसती चाळली. मी काही बोलले नाही. जीभ चावून धरली होती म्हणा.

मग म्हणाले, "तू फोनवर तो प्रश्न विचारायचीस ना लोकांना? मला आजवर कुणाचा फोन आला नाही."

"विचारू?"

"विचार की."

मी कुंपणाला टेकून कामावरच्या आवाजात, शब्दाला शब्द, अख्खा प्रश्न वाचल्यासारखा म्हटला. सगळे पर्यायसुद्धा.

"क्लायमेट चेंज म्हणजे काय म्हणायचंय तुला?"

"तुम्हाला जे वाटतं ते."

ते मोठ्यानं हसले. मग जरा वेळ शेताकडे बघत राहिले आणि उत्तर दिलं. ते मी इथे लिहिणार नाही. उत्तरं गोपनीय राहतील, असं प्रत्येक फोनच्या सुरुवातीला सांगायचा नियम होता, आणि त्यांनाही मी तसं सांगितलं होतं.